सात नंबरचा शिक्का

भाऊ दिवसातून दोनदा दाढी करायचे. एकदा घरून निघताना, आणि एकदा जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातल्या बेसिनवरच्या तडकलेल्या आरशात बघून. नव्याने कामाला लागलेल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या, म्हातारा रंगेल दिसतोय म्हणून. मग त्यांना कामाला बसलेलं बघायच्या आणि त्यांचं हसू बंद व्हायचं.

आमचा कारखाना पिशव्यांचा. साध्या नव्हेत, पाणी न शिरणाऱ्या. पाठीवर बिऱ्हाड टाकून डोंगर तुडवणारे लोक असतात, छोट्या होड्या वल्हवत आठ-आठ दिवस नदीवर राहणारे असतात, त्यांच्यासाठीच्या. कपडे, पांघरुणं, औषधं, खाणं सगळं त्यात भरायचं, तोंडाला घड्या घालत खाली आणायचं, दोन टोकं वळवून चापात अडकवायची. होडी उलटली तरी आतलं कोरडं. मी शिवणींवर टेप चिकटवायच्या मशीनवर होते. माझ्या शेजारी पाण्याची टाकी आणि टाकीशी भाऊ. चौदा वर्षं आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. नवऱ्याशी मी जन्मात जेवढं बोलले नसेन तेवढं त्या माणसाशी बोलले.

त्यांचं काम तपासणीचं. पिशवीत हवा भरायची, तोंड बंद करायचं, टाकीत दाबून धरायची आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. नियम एवढाच. भाऊ मात्र पिशवी बाहेर काढून पुसायचे आणि तिचं तोंड, शिवणी, तळ, सगळं सावकाश गालावरून फिरवायचे. "बुडबुडा यायला भोक लागतं," म्हणायचे, "गालाला लागत नाही. जराशी हवा सुटली तरी गार लागतं." पण त्यासाठी गाल गुळगुळीत पाहिजे, म्हणून ती दोनदा दाढी. पोरी पाठीमागे त्यांना 'गालगुंड' म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं. "गालगुंड परवडलं," मला म्हणाले एकदा. "माझ्या आधीच्या तपासनीसाला 'भोक' म्हणायचे."

तपासून झालं की आतल्या पट्टीवर शिक्का उमटवायचा. तपासणीची तीन टेबलं, पाच, सहा आणि सात. निळ्या शाईतला गोल आणि त्यात सात म्हणजे भाऊ. सव्वीस वर्षं तो शिक्का त्यांच्या हातात होता. लाकडी मूठ झिजून त्यांच्या अंगठ्याच्या मापाची झाली होती. जाताना ते तो कपाटात कुलूप लावून ठेवायचे. पाच आणि सहाचे शिक्के टेबलावर उघडे पडलेले असायचे, त्यांना कोण विचारतं!

कारखान्याच्या रस्त्याकडच्या खोलीत विक्री चालायची. शनिवारी थोरले मालक भाऊंना तिथे उभं करायचे, कारण गिऱ्हाईक त्यांचं ऐकायचं. "पायी जाणार की पाण्यातून?" हा पहिला प्रश्न. पायी जाणाऱ्याला पातळ कापडाची द्यायचे, त्याला काय, वरून पाऊस लागणार आणि प्रत्येक छटाक पाठीला जाणवणार. होडीवाल्याला जाड. होडीच्या तळाशी कायम पाणी साचलेलं असतं आणि पिशवी त्यात दिवसभर घासत पडलेली असते. कुणी एकच मोठी मागितली की त्याला तीन लहान घ्यायला लावायचे. "एकीत पाणी शिरलं तर दोन उरतात की नाही? झोपायचे कपडे वेगळे भरा, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत त्या पिशवीला हात लावू नका." औषधं आणि वायरलेस छोट्या लाल पिशवीत, तीही सगळ्यात वर, कारण घाबरलेल्या माणसाला लाल रंग पटकन सापडतो. आणि निघताना प्रत्येकाला तेच एक: "पट्टीवर तीन घड्या लिहिल्यात. तुम्ही चार घाला. घट्ट. गुडघ्याने दाबून."

आणि गंमत सांगू? हा माणूस स्वतः कधी होडीत बसला नव्हता. पोहायला यायचं नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी चेहरा उतरायचा. मी चिडवायचे, "भाऊ, तुम्ही म्हणजे उंटावरचे शहाणे." ते म्हणायचे, "उंटावर बसूनच लांबचं दिसतं, ताई."

बायको लवकर गेली त्यांची. लेक तेव्हा नऊ वर्षांची. शाळा सुटली की ती कारखान्यात यायची आणि टाकीत तोंड बुडवून श्वास किती वेळ धरता येतो ते मोजत बसायची. मी ओरडायचे, अगं मरशील! भाऊ नुसते हसायचे. 'बेडकी' म्हणायचे तिला. घरी नेताना रस्ताभर तिची परीक्षा घेत जायचे. "लाल पिशवीत काय?" "औषधं!" "झोपायचे कपडे कधी काढायचे?" "मुक्कामाला!" "घड्या किती?" "चार!" "कशा?" "घट्ट! गुडघ्याने दाबून!" फाटकाबाहेर गेले तरी तिचा आवाज मला ऐकू यायचा.

बेडकी मोठी झाली ती पाण्यावरच. नदीवर सहली नेणाऱ्या एका संस्थेत लागली, परीक्षा दिल्या, गाइडचा परवाना मिळवला. आठ-दहा पाहुणे, चार होड्या आणि सगळ्यांच्या पुढे ही. परवाना मिळाला त्या दिवशी भाऊंनी आमच्या सगळ्यात जाड पिवळ्या कापडाची एक पिशवी स्वतः शिवली आणि टेप मी मारली. रिकामीच एवढी जड की उचलून बघितली तर वाटायचं आत काहीतरी आहे. भाऊंनी ती स्वतः तिच्या खांद्यावर अडकवली. त्या परवान्याच्या कागदाची झेरॉक्स त्यांनी आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती, शिक्का ठेवायचे त्याच कपाटाच्या.

मग थोरले मालक वारले आणि धाकटे मालक आले. वाईट माणूस नव्हे तो. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. हसतमुख, सगळ्यांची चौकशी करणारा. येताना नवीन कापड घेऊन आला. हलकं म्हणजे काय हलकं! जुनी पिशवी ज्या वजनाची, त्यात या चार व्हायच्या. घडी करून खिशात ठेवा. "आता लोक टूथब्रशचा दांडा कापून वजन कमी करतात, भाऊ," म्हणाला. "हलकं नसेल तर कुणी हातसुद्धा लावणार नाही." डोंगरवाल्यांसाठी ठीक होतं ते. पण यांनी त्यावर होडीचं चित्र छापलं आणि खाली लिहिलं, नदीसाठी.

टाकीत त्या पिशव्या पास व्हायच्या. गालालाही पास व्हायच्या. तरी भाऊंच्या मनात काहीतरी खुटखुटत होतं. दोन पिशव्या ते घरी घेऊन गेले. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून एकीच्या तोंडाला चार घट्ट घड्या घालायच्या आणि उलगडायच्या. घालायच्या, उलगडायच्या. दहा वेळा झालं की पिशवीवरच पेनने एक रेघ. दुसरीला तीनच घड्या, सैल.

एके दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी पहिली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. एकोणीस रेघा होत्या. "सोळाव्या रेघेला गालाला गार लागलं," म्हणाले. "टाकीत बुडबुडा यायला आणखी तीन रेघा लागल्या."

"आणि दुसरी?"

"पस्तीस रेघा झाल्या, तिला काही नाही." ते माझ्याकडे बघेनात. "कापडावरचा लेप पातळ आहे, ताई. जितकं घट्ट वळवावं तितका घडीवर मोडतो. जाड कापडाला चार घड्या बरोबर होत्या. याला चार घालणं म्हणजे पिशवी आपल्या हाताने फाडणं. आणि मी जन्मभर सगळ्यांना चार सांगत आलो."

मालकांना सांगून आले होते ते. मालक हसून म्हणाले होते, "भाऊ, नवी पिशवी टाकीत पास होते ना? मग झालं. वापरून जुनी झालेली तपासायला तुम्हाला कुणी सांगितलं?" भाऊ म्हणाले, निदान होडीचं चित्र तरी काढा. त्यावर मालक तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "तुम्हाला शिक्का मारायचा नसेल तर तसं सांगा. सात नंबर टेबलाचा आहे, तुमचा नाही. दुसरं कुणी बसेल."

"आता काय करू?" भाऊंनी मला विचारलं. मला विचारलं त्यांनी. दुसऱ्या कुणाला नाही.

आणि मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, विसरायचा प्रयत्न करूनही. "अहो, कोण दीडशे वेळा उघडतंय पिशवी? लोक वर्षातनं एकदा जातात, फोटो काढतात, परत येतात. या पिशव्या थांबल्या तर आम्ही बारा जणी घरी बसू. आमच्या पोटावर पाय आणू नका. शिक्का मारा आणि गप्प बसा."

त्यांनी चहा संपवला, दाढी केली आणि टाकीशी जाऊन बसले. दुपारपासून शिक्का सुरू झाला. फक्त शनिवारी विक्रीच्या खोलीत उभं राहणं त्यांनी सोडलं, गुडघे दुखतात म्हणाले. कुणाला काही वाटलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने, हंगामाच्या तोंडावर, बेडकीचा फोन आला. भाऊंचे हात ओले होते म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, त्यामुळे मीही ऐकलं सगळं.

"बाबा, यंदा सगळ्या पिशव्या नव्या घ्यायच्या ठरलं, आणि निवड माझ्यावर सोपवलीय! तुमच्या त्या हलक्या घेतल्या, नदीवाल्या. पाहुण्यांना होडीतून उतरून सामान डोक्यावर घेऊन चालावं लागतं ना, मधे दोन ठिकाणी. जुन्या पिशव्यांनी माना मोडतात त्यांच्या."

भाऊंनी हातातली पिशवी टाकीत सोडून दिली.

"आणि ऐका ना! दुकानात तासभर बसले मी. अख्खा ढीग उपसला. पाच नको, सहा नको, पंधराच्या पंधरा सात नंबरच्या शोधून काढल्या. दुकानदार जाम वैतागला. म्हटलं, माझ्या बाबांचा शिक्का आहे, दुसरा नको मला. बाबा? ऐकताय ना?"

"हो, हो," भाऊ म्हणाले. "बरं केलंस."

"लालसुद्धा मिळाली. वायरलेस तिच्यातच ठेवणार." मग ती हसली आणि लहानपणचा आवाज काढून म्हणाली, "घेता का परीक्षा? घड्या किती?"

टाकीतलं पाणी हलत होतं. भाऊंनी दोन्ही हात पाण्यात घालून ठेवले होते.

"चार," ते म्हणाले.

"कशा?"

"घट्ट. गुडघ्याने दाबून."

दोन हातांच्या अंतरावर बसले होते मी. त्यांनी 'तीन, सैल' म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, का? आणि त्या 'का'चं उत्तर द्यायचं म्हणजे पोरीने तासभर ढीग उपसून शोधलेला शिक्का खोटा आहे असं आपल्या तोंडाने सांगायचं. नाही जमलं त्यांना. मला काय धाड भरली होती? फोन माझ्या हाताला लागत होता. मी आपली टेप सरळ करत बसले. सरळच होती ती.

फोन बंद झाल्यावर भाऊ म्हणाले, "संध्याकाळी नीट सांगतो तिला." दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

पुढे जे झालं त्यात काही नवल नाही. पिशव्यांचं एक असतं, ज्या पिशवीला कमी हात लागतो ती टिकते. झोपायच्या कपड्यांची दिवसातून एकदा उघडते. लाल पिशवी दहा वेळा. कुणाला डोकेदुखीची गोळी, कुणाला मलम, सकाळ-संध्याकाळ वायरलेसवर हवामान. सहा दिवसांच्या दोन सहली नीट पार पडल्या. तिसऱ्या सहलीच्या चौथ्या दिवशी एक पाहुणे, निवृत्त मास्तर होते, खडकावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. बेडकीने लाल पिशवी उघडली. तळाशी पेलाभर पाणी आणि त्यात वायरलेस.

हाताला धरून माणूस नेता येईल अशी ती जागा नव्हती. तिने दोन धडधाकट पाहुण्यांना चालत पाठवलं आणि स्वतः मास्तरांपाशी बसली. मदत यायला दीड दिवस लागला. मास्तर वाचले. पाय मात्र गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

परवाना कार्यालयाने चौकशी लावली आणि चौकशी होईपर्यंत बेडकीचा परवाना काढून घेतला. आमच्या कारखान्याचं पत्र गेलं, पिशवी तपासलेली आहे, आत शिक्का आहे, अर्थात वापरणाऱ्याने तोंड नीट बंद केलं नसणार. म्हणजे चूक गाइडची. हे कायम झालं असतं तर पुन्हा कुणी तिला डबक्यातसुद्धा होडी नेऊ दिली नसती, आणि त्या पायाचं ओझं जन्मभर तिच्या एकटीच्या डोक्यावर.

चौकशीला धाकटे मालक आम्हा दोघांना घेऊन गेले. मला शिवणींबद्दल सांगायला, भाऊंना शिक्क्याबद्दल. गाडीत भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुलीचं वाईट वाटतंच हो. पण तुम्ही एवढंच सांगायचं, मी तपासली, बरोबर होती. तेच खरं आहे ना?" खरंच होतं की ते. त्याच्यात खोट कुठे होती?

लांबट खोली, टेबलामागे तीन अधिकारी, मधल्या बाई चष्मेवाल्या. आम्ही खुर्च्यांवर मागे. बेडकी पुढे एकटी बसली होती. तिला विचारलं, तोंड कसं बंद केलं होतंत? ती म्हणाली, "चार घड्या. घट्ट. पट्टीवर तीन लिहिल्यात, पण माझ्या बाबांनी मला चार शिकवल्यात. ते इथेच आहेत, त्यांना विचारा." आणि मागे वळून बघितलं तिने, अगदी भरवशाने. तिला वाटलं असणार, आता बाबा उठतील आणि सगळं ठीक होईल.

बाबा उठले. कोटाच्या खिशातून त्यांनी घडी केलेली पिशवी काढली आणि टेबलावर पसरली. एकोणीस रेघा. मग एकेक रेघ बोटाने दाखवत सगळं सांगितलं. सोळाव्या रेघेला हवा सुटली, म्हणजे चार घड्या, घट्ट, एकशे साठ वेळा. दिवसाला दहा धरल्या तर सोळा दिवस. "मुलीची चूक नाही," म्हणाले. "तिने मी सांगितलं तसंच केलं. पिशवी फुटणार हे मला माहीत होतं."

चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"शिक्का मारायच्या आधीपासून."

मी बेडकीकडे बघितलं नाही. बघायची छातीच झाली नाही.

"हे तुम्ही मालकांना सांगितलंत?"

"सांगितलं."

मालकांनी तिथल्या तिथे कानावर हात ठेवले. "मला यातलं काहीही बोलले नाहीत. बोलले असते तर मी एक पिशवी बाहेर जाऊ दिली नसती."

बाई भाऊंना म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत याला कुणी साक्षीदार आहे? आणखी कुणाला बोलला होतात?"

मी दुसऱ्या रांगेत, मांडीवर हात ठेवून. चहाच्या सुट्टीत ती पिशवी याच मांडीवर होती. मालकांशी काय बोलणं झालं तेही त्यांनी त्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी उठून एवढंच म्हणाले असते तर मालकांचं ते गोड तोंड उघडं पडलं असतं. भाऊंनी माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत म्हणाले, "नाही. कुणाला नाही."

त्या 'नाही'चा मला अजून संताप येतो. कुणी सांगितलं होतं मोठेपणा करायला? नाव घेतलं असतं तर झक मारत उठले असते मी! असं मी स्वतःला सांगते. पण नाव न घेताही उठता येत होतंच ना? खुर्चीला काही मला बांधलं नव्हतं.

बेडकीला परवाना परत मिळाला. मालक सुटले, त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं म्हणे. सगळं बिल भाऊंच्या नावावर फाटलं, आणि त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं. पिशव्या थांबल्या नाहीत. कापड तेच, होडीचं चित्र तेच. फक्त आतल्या पट्टीवर नवीन ओळ छापली, 'तीन घड्या, सैल'. भाऊंनी टीव्हीसमोर बसून काढलेली अक्कल फुकटात छापून टाकली मेल्यांनी. आणि सात नंबरच्या टेबलावर मला बसवलं. शिक्क्याची मूठ माझ्या अंगठ्याला बसत नाही.

त्यांचा वस्तरा आणि साबणाचा मग बेसिनवर राहिला होता. तो द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तेवढ्यात बेडकी आली. मला म्हणाली, "मावशी, बसा तुम्ही, जाऊ नका." खांद्यावर ती पिवळी पिशवी होती. ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. ती उभ्या उभ्याच बोलली.

"बाबा, मी फोन केला होता तुम्हाला."

"हो."

"पंधरा पिशव्या घेतल्या म्हणून सांगितलं. लाल सांगितली."

"हो."

"घड्या किती ते मी विचारलं. मी स्वतः विचारलं."

भाऊ मी आणलेला वस्तरा मगातून काढून पुसायला लागले.

"नोकरी जाईल म्हणून शिक्का मारलात, ते मला कळतं," बेडकी म्हणाली. "बाकीच्यांचं सोडा. मला का नाही सांगितलंत? मी काय तुम्हाला ओरडले असते?" मग पिवळी पिशवी टेबलावर ठेवली. "मास्तरांना मी दर महिन्याला भेटायला जाते. ते मला अजून 'बाळ' म्हणतात." आणि गेली. जिना उतरताना तिच्या पायांचा आवाज शेवटपर्यंत येत होता.

भाऊंनी नंतर वस्तऱ्याला हात लावला नाही. आता त्यांची दाढी छातीवर येते. मी एकदा म्हटलं, "अहो, काय हे, जंगल वाढवलंय." म्हणाले, "असू दे. आता गालाला काय काम?"

यंदा हंगामाआधी बेडकीने मला फोन केला. तिचं लग्न व्हायचंय, आई नाही, बापाशी बोलणं नाही. मग मावशी. "मावशी, पंधरा पिशव्या घ्यायच्यात. कुठल्या घेऊ?"

टेबलावर माझ्यासमोर दोनशे हलक्या पिशव्यांचा गठ्ठा होता, शिक्का मारलेला. मी आवाज खाली करून म्हटलं, "जाड घे. वजन होऊ दे. आमच्या घेऊच नकोस."

"बरं," ती म्हणाली. "मावशी, एक विचारू? बाबांनी तुम्हालासुद्धा काही सांगितलं नव्हतं?"

मी काय बोलणार होते, मला खरंच माहीत नव्हतं. तोंडातून आलं, "नाही गं."

"मला वाटलंच. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही मला लगेच सांगितलं असतं."

"म्हणजे काय!" मी म्हटलं.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. कुठल्या नदीवर गेली, कोण पाहुणे होते, काय काय झालं, सगळं मला सांगते. संध्याकाळी मी भाऊंकडे जाते. ते दार उघडतात आणि मी चपला काढायच्या आत विचारतात, "बेडकीचा फोन आला होता?"

"आला होता. बरी आहे."

"तुम्ही तिला काही सांगितलं नाहीत ना?"

"नाही."

"सांगू नका, ताई," ते म्हणतात. "कुणीतरी एक असू दे तिला."

मी मान हलवते आणि चहा ठेवायला आत जाते. मला तरी दुसरं काय हवंय?